मेसेजची मराठी आणि लाल पेन

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलताना फळ्यावर रोमन लिपीत लिहून दाखवलेले शब्द इथे अक्षरांची नावं घेऊन दिले आहेत. श्रोत्यांच्या प्रश्नांपैकी दोन शेवटी घेतले आहेत.)



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून आमच्या फोनवर बरेच निरोप आले. जवळपास सगळ्यांचा सूर एकच, "या पोरांना एकदा चांगलं फैलावर घ्या." एका गृहस्थांनी कळवलं, की मोबाइलमुळे मराठीची पार वाट लागली आहे. तो मेसेज आम्ही दोनदा वाचला. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की तो सबंध रोमन लिपीत टाइप केलेला आहे. गृहस्थ साठीच्या पुढचे आहेत.

म्हणजे फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, इथूनच घोळ आहे. तेव्हा आज हा खटला आपण जरा नीट चालवून बघू. आरोप असा : तरुण मुलं मेसेजमध्ये जी मोडकी-तोडकी भाषा लिहितात, तिच्यामुळे त्यांचं शुद्धलेखन गेलं, व्याकरण गेलं, आणि हळूहळू भाषाच जाणार आहे.

सुरुवात एका प्रसंगानं करतो.

आमची एक विद्यार्थिनी वसतिगृहात राहायची. तिथे पाण्याची रड. सकाळी सहाला पाणी येणार, साडेसहाला जाणार, आणि वरच्या मजल्यावर धड पोचणारच नाही. तिनं हे सगळं आम्हाला व्हॉट्सॲपवर कळवलं. रोमन मराठीत, तुकड्या-तुकड्यांत, एकापाठोपाठ एक दहा-बारा मेसेज. पण काय मुद्देसूद! कुठल्या मजल्यावर किती मुली, टाकी कधी भरते, आणि खालच्या मजल्यावरचा एक नळ बंद केला तर वर पाणी चढतं, हे तिनं स्वतः करून बघितलेलं. आम्ही म्हटलं, "अगं, हेच कागदावर लिही आणि कार्यालयात दे."

तिनं दिलेला अर्ज चार ओळींचा होता. 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करते की', आणि पुढे, 'वसतीग्रुहात पानी येत नाही तरी क्रुपया व्यवस्था करावी'. टाकी गेली, मजले गेले, नळाचा प्रयोग गेला. दोन दिवसांनी तो अर्ज तिच्याकडे परत आला. 'पानी'भोवती लाल गोल. 'क्रुपया'भोवती लाल गोल. 'वसतीग्रुह'खाली दोन रेघा. समासात शेरा, 'मराठी सुधारा'. पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

तिनं पुन्हा अर्ज केला नाही.

आता या प्रसंगात भाषेचं नुकसान झालं, हे तर खरंच. पण ते नेमकं कुठे झालं? मेसेजमध्ये झालं, अर्जात झालं, की त्या लाल गोलात झालं? आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

आधी इंग्रजीतला खटला

ही ओरड आपल्याकडे आली ती बरीचशी इंग्रजीतून, म्हणून आधी तिकडे जाऊ. २००३ साली ब्रिटनमध्ये एक बातमी गाजली. तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीनं सुट्टीवरचा निबंध एसेमेसच्या भाषेत लिहून दिला म्हणे. त्या एका निबंधावर केवढी तरी चर्चा झाली. २००७ साली जॉन हम्फ्रीज या नामवंत निवेदकांनी डेली मेलमध्ये जळजळीत लेख लिहिला. चंगीझखानानं आपल्या शेजाऱ्यांचं जे केलं, तेच ही एसेमेसवाली मंडळी आपल्या भाषेचं करताहेत, असा त्यांचा सूर होता.

पुढच्याच वर्षी, २००८ साली, डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञांनी या वादावर अख्खं पुस्तक लिहिलं. 'टेक्स्टिंग : द ग्रेट डिबेट' हे त्याचं नाव, आणि नावातले शब्दसुद्धा त्यांनी मुद्दाम एसेमेसच्या स्पेलिंगात छापले, 'ग्रेट'मध्ये आठाचा आकडा घालून. क्रिस्टल यांचं म्हणणं थोडक्यात असं : मेसेजमधले बहुतेक शब्द नेहमीच्याच स्पेलिंगात असतात. शॉर्टफॉर्म ही काही मोबाइलची देणगी नव्हे, ती इंग्रजीत शेकडो वर्षांपासून आहे. आणि शब्द मोडायचा तर तो आधी यावा लागतो. 'ग्रेट' या शब्दाच्या शेवटी 'एट' ऐकू येतं, हे कान ओळखतो, तेव्हाच तिथे आठाचा आकडा बसतो.

हे नुसतं पांडित्य नव्हतं. २००९ साली प्लेस्टर, वुड आणि जोशी या संशोधकांनी दहा ते बारा वर्षांच्या ८८ ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जी मुलं मेसेजमध्ये अशा क्लृप्त्या जास्त वापरत होती, ती वाचनात आणि शब्दसंग्रहात मागे नव्हती, उलट पुढेच होती. त्याच साली अमेरिकेत ड्रुइन आणि डेव्हिस यांनी कॉलेजातल्या मुलांकडे पाहिलं. मेसेजची भाषा वापरणारे आणि न वापरणारे यांच्या भाषिक कौशल्यांत त्यांना लक्षणीय फरक दिसला नाही. गंमत म्हणजे त्याच मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना वाटत होतं, की या भाषेमुळे आपण प्रमाण इंग्रजी विसरत चाललोय. म्हणजे दुखणं सापडत नव्हतं, पण भीती घरोघर होती.

उलट बाजूचाही पुरावा आहे, तो लपवायचं कारण नाही. २०१२ साली सिंगेल आणि सुंदर यांनी पेनसिल्व्हेनियातल्या शाळकरी मुलांचा अभ्यास केला. ज्यांच्या मेसेजमध्ये शब्दांची मोडतोड जास्त, त्यांचे व्याकरणाच्या चाचणीतले गुण कमी, असं त्यांना आढळलं. पण या सगळ्या अभ्यासांबाबत एक सावधगिरी बाळगायला हवी. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं ठरत नाही. भाषेत मुळात तरबेज असलेली पोरं शब्दांशी जास्त खेळत असतील, हेही शक्य आहे.

तर इंग्रजीत निकाल असा, की आरोप सिद्ध झालेला नाही. आपल्याकडचे पुरोगामी लोक हा निकाल उचलतात आणि म्हणतात, "बघा, उगाच ओरडत होतात!" इथे मात्र आम्ही थांबतो. क्रिस्टल यांचा युक्तिवाद आम्हाला पटतो, पण तो एका लिपीच्या घरातला युक्तिवाद आहे. इंग्रज मूल पुस्तक वाचतं रोमनमध्ये, निबंध लिहितं रोमनमध्ये आणि मेसेजही करतं रोमनमध्ये. आपलं मूल धडा वाचतं देवनागरीत आणि मैत्रिणीशी बोलतं रोमनमध्ये. हा फरक हम्फ्रीजनाही ठाऊक नव्हता आणि क्रिस्टल यांना त्याची गरज नव्हती. आपल्याला आहे.

शॉर्टफॉर्मची जुनी हौस

मराठीतल्या शॉर्टफॉर्मचं काय? तिथे तर ओरडण्याचा आपल्याला काडीचा अधिकार नाही. आपल्या आजोबांची पत्रं काढून बघा. वर 'ती.', म्हणजे तीर्थरूप. मग 'सा. न. वि. वि.', म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पाकिटावर 'रा. रा.', म्हणजे राजमान्य राजश्री. खाली 'ता. क.', ताजा कलम. धाकट्याला 'चि.'. यातलं एकही कुणाला भाषेचा ऱ्हास वाटलं नाही. वाटायचं काय, ते न येणारा अडाणी ठरायचा!

तारेचं तसंच. २०१३ च्या जुलैमध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली, तोवर शब्दागणिक पैसे मोजून माणसं क्रियापदं गाळत होती. तारेमुळे कुणी निबंधात क्रियापदं गाळली नाहीत.

आजच्या पोरांचे शॉर्टफॉर्म बघा. 'जे' हे इंग्रजी अक्षर, त्याला चिकटून एकाचा आकडा. वाचा. जे-वन. "जे-वन झालं का?" इंग्रजीतल्या आठाच्या आकड्याचं हे आपलं सख्खं भावंड. मराठी संकेतस्थळांवर वावरणाऱ्यांना 'पुलेशु' माहीत असेल, पुढील लेखनास शुभेच्छा. 'पुभाप्र', पुढील भागाच्या प्रतीक्षेत. 'हहपुवा', हसून हसून पुरेवाट. हे शब्द पाडणारी मंडळी पानंच्या पानं मराठी लिहिणारी आहेत. आणि इथे शब्दाचं सुटं व्यंजन न घेता काना-मात्रेसकट अख्खं अक्षर उचललेलं आहे. 'सा. न. वि. वि.'चीच ही रीत, फक्त टिंबं गेली.

आता फळ्याकडे बघा. एम, एल, ए. हे आमदार नव्हेत. हे 'मला' आहे. पी, एन म्हणजे 'पण'. एम, जी म्हणजे 'मग'. के, डी, एच, आय म्हणजे 'कधी'. मोठ्यांना वाटतं, पोरं आळशीपणानं स्वर खातात. पण कुठला स्वर खाल्लाय ते बघा. 'मला'मध्ये 'म'मधला अ गेला, 'ला'चा आ राहिला. 'कधी'मध्ये 'क'मधला अ गेला, 'धी'ची ई राहिली. देवनागरीत आपण काय करतो? 'म' लिहिला की त्यात अ आलाच, त्याला वेगळी खूण नसते. आ असेल तर काना द्यावा लागतो, ई असेल तर वेलांटी. म्हणजे हा पोरगा अक्षरं रोमन वापरतोय आणि हिशेब देवनागरीचा मांडतोय! हे दर वेळी काटेकोर पाळलं जातं असं आमचं म्हणणं नाही. पण पुष्कळदा दिसतं. आणि ज्याला बाराखडी आलेली नाही, त्याला हे सुचणार नाही.

तेव्हा शॉर्टफॉर्म या कलमाखाली आम्ही आरोपीला निर्दोष सोडतो.

लिपी का बदलली

आता खरी गोष्ट. मुळात पोरं रोमनकडे गेलीच का? मातृभाषेचं प्रेम आटलं म्हणून? उत्तर फार रुक्ष आहे. एका एसेमेसमध्ये साध्या रोमन अक्षरांच्या १६० खुणा मावत. देवनागरी आली की मर्यादा उतरायची ७० वर. आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'मी उद्या सकाळी येतो' हे वाक्य घ्या. देवनागरीत मोजलं तर १९ खुणा. रोमनमध्ये लिहिलं तरी १९च. म्हणजे वाक्याची लांबी तीच, पण एका लिपीला घर निम्म्याहून लहान. मेसेजमागे पैसे पडत होते त्या काळात मराठीतून मराठी लिहिणं दुप्पट महाग होतं. शिवाय कितीतरी फोनमध्ये देवनागरी उमटायचीच नाही, नुसत्या चौकटी दिसायच्या. आळस नव्हता तो, काटकसर होती.

आणि यंत्रापायी मराठीनं रोमन अंगरखा घातला, हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही. फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' हे मराठी काव्य १६१६ साली गोव्यात राचोलला छापलं गेलं, ते रोमन लिपीत. छापखान्यात देवनागरीचे खिळेच नव्हते. मात्र त्या गोमंतकी रोमन परंपरेत एक शिस्त होती. ट, ड, ण, ळ हे वर्ण त, द, न, ल यांच्यापासून वेगळे कळावेत म्हणून अक्षर दुप्पट लिहीत. चारशे वर्षांनी आपण पुन्हा रोमनमध्ये आलो, तेव्हा ती शिस्त आणली नाही. आज पी, ए, एन असं लिहिलं की ते 'पण'ही असतं आणि 'पान'ही. एम, ए, झेड, ए म्हणजे 'माझा' की 'मजा', हे संदर्भानं ओळखायचं. डी, ए, एल ही डाळ की दल?

समोरच्याला कळतं, म्हणून चालतं. मित्र मित्राला लिहितोय, दोघांना संदर्भ ठाऊक आहे. वाचणाऱ्याला सगळं माहीत असलं की लिहिणाऱ्याला काहीच नेमकं लिहावं लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता फोनवर देवनागरी सहज येते, मेसेजला मर्यादा उरली नाही, दरही उरला नाही. कारण गेलं, सवय राहिली. आणि जिथे देवनागरी आली तिथेही बहुतेकांची पद्धत अशी, की टाइप रोमनमध्ये करायचं आणि कीबोर्डनं पुढे केलेल्या तीन-चार देवनागरी शब्दांतून एक निवडायचा. शब्द समोर आल्यावर ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं उमटवणं वेगळं. पहिली गोष्ट आपली मुलं रोज शंभरदा करतात. दुसरी फक्त परीक्षेत.

ऱ्हस्व-दीर्घाचा जुना तंटा

"पण चुका वाढल्यात ना?" असं आम्हाला नेहमी विचारतात. आम्ही वर्षानुवर्षं मराठीच्या उत्तरपत्रिका तपासतो. हा काही अभ्यास नव्हे, नुसता अनुभव सांगतो. त्यांत 'जे-वन' आम्हाला कधी सापडलं नाही. सापडतं ते 'आणी', 'परंतू', 'क्रुपा', 'विहीरीत', 'पूलावर'. हीच चूक दुकानांच्या पाट्यांवर आहे, लग्नपत्रिकांवर आहे, आणि मोबाइल जन्मायच्या आधीपासून आहे.

का होते ती? मराठी बोलताना शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण लांबच उच्चारतो. म्हणून तर नियमांनी 'कवि'चं 'कवी' केलं आणि 'गुरु'चं 'गुरू'. पण 'गुरुवार' मात्र ऱ्हस्व. 'कविराज' ऱ्हस्व. आणि 'आणि', 'परंतु' ही अव्ययं पुन्हा ऱ्हस्व. जे मूल 'आणी' लिहितं ते नियम मोडत नाही हो, ते अपवाद विसरतं. कान त्याचा शाबूत आहे.

आणि नियम तरी कुठे आभाळातून पडलेत? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानं स्वीकारले १९६२ साली. १९७२ साली त्यांत भर पडली आणि ते अठरा झाले. त्याआधी 'नाहीं', 'कांहीं', 'केलें', 'घरें' असे अनुस्वार द्यावे लागत, आणि ते न देणाऱ्याच्या हातावर छडी बसायची. १९६२ नंतर ते देणारा चुकू लागला. मोडी लिपीत तर ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि शब्द सुटे करून लिहिण्याचीही पद्धत नव्हती. त्या लिपीत मराठ्यांचं राज्य चाललं!

याचा अर्थ नियम नकोत असा कुणी घेऊ नये. बारा कोटींच्या राज्याला कागदावर एक रीत लागतेच, नाहीतर सातारचा अर्ज नागपुरात वाचता येणार नाही. आमचं म्हणणं इतकंच, की ही रीत आहे, सोवळं नाही. 'शुद्धलेखन' या शब्दातल्या 'शुद्ध'नं आपला फार घोटाळा केलाय. रीत चुकली तर दुरुस्त करता येते. सोवळं मोडलं की माणूस बाहेर राहतो.

'पानी'

आता पुन्हा त्या अर्जाकडे. त्यातला पहिला लाल गोल 'पानी'भोवती होता.

'क्रुपया' ही लेखनातली चूक. 'पानी' तशी नाही. 'पानी' हे तिच्या घरातलं, गावातलं बोलणं आहे. महाराष्ट्रात 'ण'च्या जागी 'न' म्हणणारे लाखो लोक आहेत, आणि त्यावरून हसणारेही कमी नाहीत. हा 'न' आणि 'ण' नुसता उच्चार नसतो. त्यावरून तुमचं गाव ओळखतात, आणि बोलायला नको, पण जातही ओळखायला बघतात. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, तेव्हा बोलीतला तो अनुस्वार पुस्तकाच्या नावावर आला. साहित्यात बोलीनं आपली जागा लढून घेतली. कार्यालयातल्या लाल पेनापर्यंत ती बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आता हीच मुलगी रोमनमध्ये लिहिते तेव्हा काय होतं? पी, ए, एन, आय. पुण्याच्या पेठेतली मुलगी हेच लिहिते. बुलढाण्याच्या खेड्यातली मुलगी हेच लिहिते. रोमनमध्ये 'ण' नाहीच, त्यामुळे तो चुकतही नाही. ऱ्हस्व-दीर्घ नाही, त्यामुळे लाल गोल नाही. जी लिपी मराठीचे वर्ण पुसते, तीच लिपी या मुलीच्या कपाळावरचा शिक्काही पुसते. ती दहा-बारा मेसेज भरभरून लिहिते, कारण तिथे तिला कुणी अडवत नाही. देवनागरीत पेन उचललं की तिचा हात आखडतो आणि चार ठरीव ओळी लिहून ती मोकळी होते.

मेसेजच्या मराठीवर टीका करणाऱ्या एकाही लेखात आम्हाला हा मुद्दा भेटलेला नाही. आपण विचारतो, पोरं रोमनकडे का पळतात? देवनागरीच्या दारात छडी घेऊन कोण उभं आहे, ते विचारत नाही.

पण म्हणून रोमन झिंदाबाद म्हणावं का? तिथेही आमचा पाय अडखळतो. कारण हा सुटकेचा रस्ता पुढे बंद आहे. माहितीच्या अधिकारातला अर्ज, ग्रामपंचायतीकडची तक्रार, स्पर्धा परीक्षेतला निबंध, वर्तमानपत्राला पत्र, यातलं काहीही रोमन मराठीत चालत नाही. ज्या घरात कपाटभर पुस्तकं आहेत, आई-वडील चुका सांगायला बसलेत, तिथलं मूल दिवसभर रोमनमध्ये दंगा करून रात्री देवनागरीत सहज परततं. त्याचं काही बिघडत नाही. जिच्या घरी देवनागरी म्हणजे फक्त शाळेचं पुस्तक, तिचा लिहिण्याचा रोजचा सगळा सराव रोमनमध्ये खर्च होतो. पूर्वी निदान पोस्टकार्ड लिहावं लागायचं. एकच मेसेज, एकच सवय, पण किंमत दोघींना सारखी पडत नाही. म्हणून 'मेसेजमुळे भाषा बिघडते का' या प्रश्नाला हो-नाही असं एक उत्तर देणारा माणूस दोनपैकी एका मुलीला विसरलेला असतो.

मग गेलं काय?

आता शेवटाकडे येतो. त्या अर्जात 'पानी' दुरुस्त केलं असतं, वसतिगृहही नीट लिहिलं असतं, तर तो अर्ज चांगला झाला असता का? नाही. टाकी आणि नळ तरीही त्यात नसते. गेलं ते तिथे.

मघाशी म्हटलं होतं, वाचणाऱ्याला सगळं माहीत असलं की लिहिणाऱ्याला नेमकं लिहावं लागत नाही. मेसेजचा जीव याच सोयीत आहे. "हो ना", "तेच तर", "काल सांगितलं ना तसं". एका फुग्यात एक विचार, पुढच्या फुग्यात पुढचा, आणि मधले 'कारण', 'म्हणून', 'तरीसुद्धा' हे सगळे समोरच्यानं समजून घ्यायचे. अर्ज हा अनोळखी माणसाला लिहायचा असतो. त्याला काहीच ठाऊक नसतं. त्याला कोण, कुठे, कधीपासून हे सांगावं लागतं आणि 'म्हणून' हा शब्द स्वतः लिहावा लागतो. हे कौशल्य स्पेलिंगपेक्षा फार मोठं आहे. आणि ते मेसेजनं हिरावलं असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही, कारण आम्ही शिक्षकांनी ते शिकवलंच नाही. आम्ही 'वरील विषयास अनुसरून' शिकवलं. त्या मुलीनं ते बिनचूक लिहिलं होतं, बघा.

त्यानंतर आम्ही वर्गात एक साधी गोष्ट सुरू केली. मुलांनी स्वतःचेच दहा मेसेज निवडायचे, खासगी सोडून. आधी ते देवनागरीत, हातानं, जसेच्या तसे उतरवायचे. 'पानी' असेल तर 'पानी'. मग तेच म्हणणं अशा माणसासाठी लिहायचं, जो तुम्हाला ओळखत नाही. काय वाढवावं लागलं, त्याखाली रेघ मारायची. आणि सर्वांत शेवटी, तिसऱ्या फेरीत, ऱ्हस्व-दीर्घ. 'पानी' कुठे लिहायचं आणि 'पाणी' कुठे, हे तेव्हा सांगायचं, आणि घरचा शब्द चुकीचा नाही हेही त्याच दमात सांगायचं. हा क्रम आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. अर्थ, मग बांधणी, मग रीत. लाल पेन बाहेर काढायचं ते शेवटी.

त्या मुलीनं परत आलेला तो अर्ज आमच्याकडेच ठेवला होता. तिची परवानगी घेऊन, नाव झाकून, आम्ही तो दरवर्षी वर्गात फिरवतो आणि विचारतो, "यात पहिली चूक कोणती?" बहुतेक मुलं लाल गोलांकडे बोट दाखवतात. मागच्या वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा बराच वेळ कागद बघत बसला आणि म्हणाला, "सर, पाणी किती वाजता जातं, ते लिहिलंच नाहीये."

त्याच्या वहीत 'लिहिलं' चुकलेलं असतं. पण त्या दिवशी वर्गात अर्ज वाचता आला, तो त्यालाच.



श्रोत्यांचे प्रश्न

*एक पालक : माझा मुलगा नववीत आहे. त्याला रोमन मराठी पूर्ण बंद करावं का?*

बंद करून होणार नाही, आणि केलंत तर तो तुमच्यापुरतं बंद करेल. त्यापेक्षा घरच्या ग्रुपवर तुम्ही स्वतः देवनागरीत लिहायला लागा. तुमच्या चुका झाल्या तर होऊ द्या, त्यालाच दुरुस्त करायला सांगा. आणि महिन्यातून एकदा त्याच्याकडून एक खरं काम कागदावर करून घ्या. सोसायटीला तक्रार, आजीला पत्र, काहीही. निबंधात 'माझा आवडता ऋतू' लिहून कुणाला काही मिळत नाही. अर्ज लिहिला आणि दिवा लागला, तर लिहिण्याचा उपयोग पोराला पटतो.

*एक शिक्षिका : तुम्ही म्हणता तसं शुद्धलेखन शेवटी बघितलं, तर परीक्षेत गुण जातील त्याचं काय?*

बाई, तुमची अडचण रास्त आहे, गुण जातात. म्हणून आम्ही शेवटी बघा म्हटलं, बघू नका असं नाही म्हटलं. उलट सुटे नियम पाठ करून घेण्यापेक्षा, मुलीनं स्वतःला महत्त्वाचं वाटणारं काही लिहिलं असेल तर त्यातला ऱ्हस्व-दीर्घ ती जास्त मनावर घेते, असा आमचा अनुभव आहे. आपलं म्हणणं नीट पोचावं असं वाटायला लागलं, की माणूस अक्षरही नीट काढतो. फक्त तिचं म्हणणं काय आहे, ते आपण आधी वाचलेलं असलं पाहिजे.